नाही म्हणणाऱ्याचं काय जातं?

डोंगरातल्या कुठल्याही लॉजच्या काउंटरवर एक प्रश्न रोज येतो : "इथं बघण्यासारखं काय काय आहे?" विचारणारा तो सहज विचारतो. खोलीची किल्ली घेताना, मुलाच्या बुटाची नाडी सोडवताना, पाकिटात आधार कार्ड शोधताना. उत्तर देणाऱ्यालाही ते सहज देता यावं लागतं, कारण त्याला पगार मिळतो तो बराचसा त्यासाठीच. पण हे उत्तर म्हणजे नुसती माहिती नव्हे, ते एक कृत्य आहे, असं मला वाटतं. एखादी जागा आहे असं सांगणं आणि तिथे माणसं पोचवणं यांत आता फारसं अंतर उरलेलं नाही. एकाला सांगितलं की रविवारी चाळीस गाड्या येतात. मग दाखवणाऱ्यावर कसली जबाबदारी येते? आणि एखादी जागा दाखवायची नाही, असं ठरवण्याचा हक्क कोणाला असतो?

मी तीन वर्षं अशा काउंटरमागे होतो. भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला, शेंडी गाव मागे टाकून घाटघरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं नऊ खोल्यांचं लॉज. तालुका अकोले, जिल्हा तेव्हा अहमदनगर, आता अहिल्यानगर. हुद्दा मॅनेजरचा. प्रत्यक्षात बुकिंग घेणं, राजूरच्या बाजारातून भाजी आणणं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालणं, रात्री वाट चुकलेल्या पाहुण्यांसाठी टॉर्च घेऊन फाट्यावर उभं राहणं, हे सगळं त्यात आलं. स्वयंपाकघर शेजारच्या वाडीतल्या मावशी सांभाळायच्या. त्यांचा मुलगा पाहुण्यांना रतनगडावर किंवा सांधण दरीत घेऊन जायचा आणि सीझन नसेल तेव्हा खाचरात काम करायचा. दोघंही महादेव कोळी समाजातले, म्हणजे या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे. मी पुण्याहून आलेला.

दुपारी दोन ते चार काउंटर रिकामं असायचं. त्या वेळात मी चालायला जायचो. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापर्यंत, साम्रदच्या पठारावर, कधी दुचाकीवरून घाटघरच्या कोकणकड्यापर्यंत. कड्यावर उभं राहिलं की जमीन एकदम संपते आणि खाली कोकण सुरू होतं. पावसाळ्यात खालून ढग वर येतात, छत्री उलटी होते, आणि खाली काही असेल यावर विश्वास बसत नाही. ते सगळं सुंदर होतं यात शंका नाही. प्रश्न सुंदरतेबद्दल नाहीच.

*

लॉजवर काम करणाऱ्याला आणि लॉजवर उतरणाऱ्याला एकच दृश्य दिसत नाही, ही गोष्ट पहिल्याच पावसाळ्यात कळते. पाहुण्यांना धुकं हवं असतं. धुकं असलं की चादरी वाळत नाहीत, गाद्यांना वास येतो, भिंतींवर बुरशी चढते, आणि स्वयंपाकघरातलं मीठ पाणी होतं. पाहुण्यांना धबधबा दिसतो. वाडीतल्या माणसाला तोच धबधबा रस्ता वाहून नेणारा ओढा म्हणून माहीत असतो. जुलैत आवणी चालू असते. गुडघाभर चिखलात वाकून बायका भाताची रोपं लावत असतात, डोक्यावर इरलं किंवा प्लास्टिकचा कागद. रस्त्यावर गाडी थांबते, काच खाली होते, मोबाइल बाहेर येतो. फोटो चांगलाच येतो, कारण चित्र खरोखर चांगलं असतं. फक्त त्या चित्रातल्या बाईची पाठ दुखत असते आणि फोटोत पाठीचं दुखणं येत नाही.

यावरून पाहुणे उथळ आणि गावकरी खोल, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो खोटा आहे. कड्यावर ढग वर येताना मावशींचा मुलगाही बोलता बोलता थांबायचा. मावशी संध्याकाळी चुलीपासून उठून पाचच मिनिटं पडवीत यायच्या आणि पलीकडच्या डोंगराकडे बघत बसायच्या. इमान्युएल कांटनं १७९० साली सौंदर्याबद्दल लिहिताना म्हटलं होतं, की सुंदर म्हणून पाहणं हे निरिच्छ पाहणं असतं. त्या वस्तूचा मला काय उपयोग, हा प्रश्न त्या क्षणी बाजूला ठेवलेला असतो. ही व्याख्या मानली, तर त्या पाच मिनिटांतल्या मावशी पावणेदोनशे किलोमीटर गाडी हाकून 'पैसे वसूल' करायला आलेल्या माणसापेक्षा तिच्या जास्त जवळ होत्या. तेव्हा फरक पाहण्याच्या कुवतीत नाही. फरक एवढाच, की पाहून झाल्यावर कोणाला निघून जाता येतं आणि कोणाला नाही.

आणखी एक समज काउंटरमागे बसल्यावर गळून पडतो. तो म्हणजे आपण इथे 'अस्पर्श निसर्ग' दाखवतो. पाहुण्यांच्या खिडकीतून दिसणारं ते विस्तीर्ण पाणी नैसर्गिक सरोवर नाही. प्रवरेवर विल्सन धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. त्यामागे साठलेलं हे पाणी. ते साठवलं खालच्या, म्हणजे पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यासाठी. प्रवरेच्या कालव्यांवर तिथे ऊस उभा राहिला आणि १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघाला. वरच्या गावांच्या वाट्याला पाण्याचं दृश्य आलं. जलाशयाच्या काठी राहणाऱ्या बाईला एप्रिल-मे महिन्यांत हंडा घेऊन लांब चालावं लागतं आणि शंभर किलोमीटरवरचा ऊस भिजतो, हे महाराष्ट्रात नवं नाही. घाटघरला तर त्याहून विलक्षण प्रकार आहे. तिथे २००८ साली अडीचशे मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या, शहापूर तालुक्यातल्या धरणातून पाणी पंपानं वर चढवायचं, आणि मागणी वाढली की ते कड्यावरून खाली सोडून वीज करायची. वरच्या तळ्याच्या काठावर बसून 'किती शांत, किती प्राचीन' म्हणणाऱ्या माणसासमोरचं पाणी कालच कोकणातून वर आलेलं असू शकतं.

हे सांगितलं की काही पाहुण्यांचा विरस व्हायचा. मला उलट ते दृश्य त्यामुळे जास्त खरं वाटायला लागलं. पण नैतिक प्रश्नाच्या दृष्टीनं याचा एक परिणाम होतो. 'निसर्गाला हात लावू नका' एवढं तत्त्व इथे पुरत नाही. हात आधीच लागलेला आहे. प्रत्येक दृश्याची किंमत कोणी ना कोणी दिलेली आहे. विचारायचं ते हे, की पुढची किंमत कोण देणार.

*

हा प्रश्न सगळ्यात टोकदार होतो तो मे महिन्याच्या अखेरीस, काजव्यांच्या दिवसांत.

वळवाचे एक-दोन पाऊस झाले की मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी या जलाशयाभोवतीच्या गावांत ठरावीक झाडं रात्री पेटतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ. हजारो काजवे एका झाडावर बसतात आणि त्यांची उघडझाप हळूहळू एका तालात येते. सगळं झाड एकदम उजळतं, एकदम विझतं. जूनच्या मध्यापर्यंत हा खेळ चालतो, मग पाऊस जोर धरतो आणि सगळं संपतं. हा सारा परिसर १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. आणि त्या दोन-तीन आठवड्यांत शनिवार-रविवारी या एकेरी रस्त्यांवर मुंबई, पुणे, नाशिकच्या गाड्यांची रांग लागते.

काजव्याच्या बाजूनं ही गोष्ट अशी आहे. आयुष्याचा बहुतेक काळ तो अळी म्हणून ओल्या मातीत, पालापाचोळ्यात काढतो आणि गोगलगायी खाऊन वाढतो. प्रौढ होऊन उडतो तो जेमतेम दोन-तीन आठवडे. त्या मुदतीत जोडीदार शोधायचा, मादीनं अंडी घालायची, संपलं. प्रकाश आहे तो त्यासाठी. नर चमकून हाक देतो, मादी चमकून ओ देते. तिथे मोटारीचे हेडलाइट, मोबाइलचे टॉर्च आणि तंबूंभोवतीचे हॅलोजन आले, की हाक ऐकू जाईनाशी होते, कारण ती हाक अंधारातच ऐकू येणारी आहे. अंडी असतात जमिनीत, झाडाखाली. आणि फोटोसाठी माणूस झाडाखालीच जातो. म्हणजे कांटचं ते निरिच्छ पाहणं इथे एका विचित्र जागी येऊन अडकतं. आपण ज्याला निव्वळ सौंदर्य म्हणून पाहतो, ते पाहिलं जाणाऱ्याच्या दृष्टीनं निव्वळ गरज असते. आणि आपल्या पाहण्यानंच ती गरज पुरी व्हायची राहू शकते. कड्याचं तसं होत नाही. कड्याकडे लाख लोकांनी पाहिलं तरी कडा झिजत नाही.

माणसांच्या बाजूनं गोष्ट अशी. जून हा वाडीत हातात पैसा नसलेला महिना. मागच्या वर्षीचा भात घरात थोडा उरलेला, हिरड्याचे पैसे आले असले तर खर्च झालेले, आणि नेमकं तेव्हाच बी, खत, मुलांच्या वह्या, ताडपत्री असं सगळं घ्यायचं असतं. काजव्यांचे तीन शनिवार-रविवार तंबू, पिठलं-भाकरी आणि वाटाड्याचं काम मिळून जे देतात, त्यावर आवणीपर्यंतचं घर चालतं. हे पैसे वगळून काजव्यांबद्दल बोलणारा माणूस अर्धवट बोलतो.

तिसऱ्या वर्षी मावशींच्या घरातच या दोन बाजू समोरासमोर आल्या. त्यांच्या वाडीच्या मागच्या उतारावर, देवराईच्या खालच्या अंगाला, एक मोठा बेहडा होता. रस्त्यापासून वीस मिनिटांची चाल, त्यामुळे गाड्यांच्या वाटेवर न येणारा. रस्त्यालगतच्या झाडांवर काजवे विरळ वाटायला लागले होते. या बेहड्यावर मात्र रात्र अशी भरायची, की पानांचा आकार दिसावा. मुलाचं म्हणणं, आपण इथे माणसं आणू. मावशींचं म्हणणं, नको. मुलगा म्हणाला, "झाड आपल्या उशाला, अन् पैसे रस्त्यावरच्यांनी कमवायचे का?" मावशी म्हणाल्या, "देवाच्या पायाशी रात्री गोंधळ नको." मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मॅनेजर. मी बुकिंग घेणार. मी त्या झाडाचं नाव घेतलं तर माणसं येणार, नाही घेतलं तर बहुधा येणार नाहीत.

माझा कौल मनातून मावशींच्या बाजूनं होता, आणि त्याला पर्यावरणाची चांगली कारणंही होती. ती मी सांगायला सुरुवात केली. मुलानं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "दादा, तुमचा पगार तर एक तारखेला होतोच."

यात राग नव्हता. हिशेब होता. आणि तत्त्वज्ञानातल्या बऱ्याच जाड पुस्तकांपेक्षा तो हिशेब मला जास्त नेमका वाटला. झाड न दाखवण्यात माझं काही जात नव्हतं. उलट एक शांत झाड माझ्यासाठी शिल्लक राहत होतं, दुपारच्या फेरीत बसायला.

*

या हिशेबाचं एक प्रसिद्ध जुनं उदाहरण आहे. इंग्लंडमधल्या 'लेक डिस्ट्रिक्ट'ला लोकांच्या नकाशावर आणणाऱ्यांत कवी विल्यम वर्डस्वर्थचा मोठा वाटा होता. त्यानं त्या भागाची वाटाडी पुस्तिका लिहिली. १८१० साली ती आधी दुसऱ्याच्या चित्रसंग्रहाला निनावी जोड म्हणून छापली गेली आणि पुढे स्वतंत्रपणे तिच्या आवृत्त्या निघत राहिल्या. नंतर १८४४ साली केंडलहून विंडरमिअरपर्यंत रेल्वे नेण्याची योजना आली, तेव्हा त्याच वर्डस्वर्थनं वर्तमानपत्रात पत्रं लिहून तिला विरोध केला. त्याचा एक मुद्दा असा, की निसर्गदृश्याची आवड जन्मतः नसते, ती हळूहळू घडवावी लागते; गिरणगावांतून कामगारांचे लोंढे एका दिवसासाठी आणून ती घडत नाही आणि जागेची शांतता मात्र जाते. १८४७ साली रेल्वे सुरू झाली.

वर्डस्वर्थ पूर्ण चुकीचा नव्हता, हे विंडरमिअरच्या आजच्या गर्दीवरून कोणीही म्हणू शकेल. तरी त्याचा विरोध आपल्याला टोचतो. का? तो खोटं बोलत होता म्हणून नाही. त्या 'नाही'ची किंमत दुसरे देणार होते म्हणून. तो तिथेच राहत होता. त्याचं तळं त्याला रोज दिसणार होतं. वर्षातून एकदा सुट्टी मिळणाऱ्या मँचेस्टरच्या कामगारानं मात्र ते पाहू नये, असा त्याचा अर्थ होत होता.

आमच्या लॉजवर भोसरीच्या कारखान्यात काम करणारी माणसं यायची. दोन कुटुंबं मिळून एक गाडी, एका खोलीत सहा जण, एक्स्ट्रा गादीचे पैसे कमी करा म्हणून घासाघीस. त्यांच्या पोरांनी खरा काळोख कधी पाहिलेलाच नसायचा. ती पोरं अंगणात येऊन वर बघायची आणि घाबरायची. त्यांना सांगायचं, की काजवे पाहायचा हक्क तुम्हाला नाही, मला आहे, कारण मी आधी आलो आणि मला त्यांची लॅटिन नावं शोधता येतात? हे मला कधीच पटलं नाही. शेवटी डब्यात चढलेल्या माणसानंच आतून दार लावायचं, असा तो प्रकार होतो.

दुसरं टोकही तितकंच अवघड. सगळ्यांना हक्क आहे म्हणून सगळ्यांना येऊ द्यावं, तर गॅरेट हार्डिननं १९६८ साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडलेलं ते सामायिक कुरण समोर येतं. प्रत्येक गुराखी आपली आणखी एक गाय सोडतो, कारण फायदा त्याचा एकट्याचा आणि नुकसान सगळ्यांत वाटलेलं. शेवटी कुरण संपतं. थायलंडमध्ये आंफावाला नदीकाठच्या झाडांवरचे काजवे बघायला रात्री बोटी येऊ लागल्या. काठावर राहणाऱ्यांना इंजिनांच्या आवाजानं झोप येईना. तेव्हा काही जणांनी आपल्या दारातली ती झाडंच तोडून टाकली. झाड गेलं, काजवे गेले, बोटी गेल्या, झोप आली. दाखवण्याच्या धंद्यात ज्याला विचारलं जात नाही, तो असंही उत्तर देऊ शकतो.

हार्डिनच्या मते यातून सुटायचे मार्ग दोनच : सरकारची सक्ती, नाहीतर खासगी मालकी. एलिनॉर ऑस्ट्रमनं हे खोडून काढलं. १९९० साली आलेल्या तिच्या पुस्तकात जगभरची अशी उदाहरणं आहेत, जिथे लोकांनी सामायिक कुरणं, पाणी, जंगलं स्वतःच नियम करून शतकानुशतकं टिकवली. २००९ साली तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तिच्या उदाहरणांपैकी एक स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचं आहे. तिथला १५१७ सालचा नियम असा : हिवाळ्यात आपल्या चाऱ्यावर जेवढ्या गायी पोसता येतात, त्याहून जास्त गायी कोणी उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामायिक कुरणात पाठवायच्या नाहीत. या नियमात मला आवडते ती एक साधी गोष्ट : तो नियम करणाऱ्यावरच पडतो. गावानं परक्यांना नाही म्हटलं असेल, पण आधी स्वतःला म्हटलं.

हे कळायला स्वित्झर्लंडला जायची गरज नव्हती. तो बेहडा ज्या देवराईच्या खाली होता, तिचा नियम तोच आहे. देवराईत कुऱ्हाड न्यायची नाही, वाळलेली फांदीसुद्धा घरी आणायची नाही. हा नियम मुंबईच्या पाहुण्यांसाठी केलेला नाही. ज्या बाईला सरपणासाठी दोन डोंगर चालावे लागतात, तिनंच जवळचं सरपण सोडून द्यायचं, असा तो आहे. त्याला पाठीशी देवाचा धाक असेल, पण त्याचं नैतिक वजन धाकात नाही. ते यात आहे, की नाही म्हणणाऱ्याचं त्यात काहीतरी जातं.

मला वाटतं, दाखवावं की लपवावं या वादात कसोटी हीच धरावी. नकार चांगला की वाईट, हे तो किती कडक आहे यावरून ठरत नाही. त्याची किंमत कोण देतं यावरून ठरतं. जो नकार फक्त दुसऱ्याला महाग पडतो, तो कितीही पर्यावरणाच्या भाषेत बोलला, तरी मालकी हक्कच असतो. आणि हीच कसोटी होकारालाही लागते. ज्या दाखवण्यातला नफा एकाचा आणि तोटा बोलू न शकणाऱ्याचा, ते औदार्य नव्हे.

*

त्या वर्षी काय झालं ते सांगतो. आदर्श म्हणून नाही. कसोटी व्यवहारात कशी दिसते ते कळावं म्हणून.

मावशींच्या घरी तीन रात्री बोलणं झालं, वाडीतली आणखी दोन म्हातारी माणसं बसली. ठरलं ते असं : बेहड्याकडे एका रात्री दहाच माणसं न्यायची, शनिवार असो की मंगळवार. चालत. टॉर्च बंद, मोबाइल मुलाच्या पिशवीत. झाडाच्या पन्नास पावलं अलीकडे बांधावर बसायचं, झाडाखाली कोणी जायचं नाही, वाडीतल्यांनीही नाही. माणशी पैसे रस्त्यावरच्यापेक्षा जास्त, आणि त्यातला एक हिस्सा वाडीच्या सामायिक पेटीत. देवराईच्या आत पाऊल नाही, हे मावशींचं. त्यावर चर्चा झाली नाही.

मुलाचं यात गेलं, कारण शनिवारी पन्नास माणसं मिळत असताना तो दहाच नेणार होता. मावशींचंही गेलं, त्यांना एकही माणूस नको होता. मग लॉजचं काय जाणार, हा प्रश्न मी मालकांपुढे ठेवला. ते व्यापारी माणूस, पण सरळ. काजव्यांचे वीस दिवस अंगणातले हॅलोजन आणि लॉनवरचं संगीत बंद, एवढं त्यांनी मान्य केलं. जोडीला बुकिंगच्या वेळीच सांगायचं, की रात्री अंधार असेल. काही बुकिंगं त्यामुळे रद्द झाली. माझंही थोडं गेलं. दुपारी त्या झाडाखाली बसायची माझी सवय होती, ती 'वाडीतल्यांनीही नाही'मध्ये आली.

आणि पाहुण्यांचं? डोळा अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ काहीही न दिसता बांधावर बसायचं, आणि फोटो न घेता परत यायचं. काहींना ते जमलं नाही. "पैसे देऊन अंधारात बसायचं?" असं एका गृहस्थांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. बहुतेकांना जमलं. भोसरीच्या एका कुटुंबासाठी एका मंगळवारी सहा जागा मिळाल्या. त्यातल्या आजींनी परत आल्यावर मावशींना जे सांगितलं, ते त्या दोघींतच राहिलं.

अमेरिकेत ग्रेट स्मोकी माउंटन्स या राष्ट्रीय उद्यानात एका तालात चमकणारे काजवे पाहण्यासाठी सोडत काढतात. नाव आलं तर जायचं, नाही तर पुढच्या वर्षी. तीही याच कसोटीवर टिकणारी पद्धत आहे. नशीब श्रीमंताला ओळखत नाही. मेक्सिकोत त्लास्काला राज्यात पिएद्रा कांतेआदाच्या लोकांनी पूर्वी ज्या जंगलातली झाडं तोडून विकली, तेच जंगल आता काजव्यांसाठी राखलं आहे आणि पर्यटनावर पोट चालवलं आहे. म्हणजे दाखवण्यानं जागा नेहमी मरतेच असं नाही, कधी कधी ती त्यानंच जगते. फरक पडतो तो नियम कोणी केले आणि ते कोणाला लागू आहेत यानं. वन खातंही दर वर्षी सूचना काढतं, तपासणी नाके लावतं, ते हवंच. पण रात्री अकरा वाजता एका उतारावरच्या झाडाखाली कोणी जात नाही ना, हे नाका पाहू शकत नाही. ते उशाला झाड असलेला माणूसच पाहू शकतो, आणि तो ते तेव्हाच पाहील, जेव्हा नियम त्याचा असेल.

यावर एक आक्षेप शिल्लक राहतो. या सगळ्या वाटाघाटीत काजव्याला कोणी विचारलं? कोणीच नाही. मावशींनी देवाचं नाव घेतलं, मुलानं पैशाचं, मी पर्यावरणाचं. काजवा आपल्या सभेला येत नाही आणि त्याचं काय जातं हे त्याला सांगता येत नाही. म्हणून मला वाटतं, ज्यांना बोलता येतं त्यांनी वाटाघाटीत आपापली बाजू थोडी कमीच मागावी. सगळ्यांचं समाधान झालं, असा तोडगा निघाला, तर समजावं की कोणीतरी गैरहजर माणसाच्या, किंवा किड्याच्या, वाट्यातून घेतलं आहे. त्या वर्षी आमच्यापैकी कोणाचंच पुरतं समाधान झालं नाही. मला ते चांगलं लक्षण वाटलं.

आता मी लॉजवर नाही. बाकीच्यांसारखा सुट्टीत कुठेतरी जातो, किल्ली घेतो, बघण्यासारखं काय आहे ते विचारतो. उत्तर देणारा चार नावं सांगतो, आणि कधी कधी पाचव्या नावापाशी किंचित थांबतो. तो थांबा मला आता ओळखता येतो. त्या मुलुखात, त्याच्या घराच्या मागे, कुठला तरी उतार असणार, आणि तो दाखवायचा की नाही हे त्याच्या घरात ठरायचं असणार. मी पुन्हा विचारत नाही. पाचव्या जागेविना माझी सुट्टी थोडी कमी भरते. तेवढं माझं जायला हवं.